उपाशी ओळ

“मामा, आज आईनं आंगन नाई झाडलं...”

माघातल्या एका सकाळी परतवाड्याहून माझ्या भाचीचा, उज्ज्वलाचा फोन आला आणि ती एवढंच बोलून थांबली. मी अमरावतीला, पांघरुणात, अर्धामुर्धा जागा. पहिल्यांदा वाटलं, ताईला ताप आला असेल. मग वाटलं, तापाचं काय घेऊन बसलात, ही बाई तापातही झाडते. उज्ज्वलाचं बारसंसुद्धा व्हायचं होतं तेव्हा तिनं चोरून खराटा हातात घेतला होता आणि आईच्या शिव्या खाल्ल्या होत्या. असं सगळं मी झोपेच्या काठावर बसून आठवत होतो, आणि पलीकडून हुंदका ऐकू आला. तेव्हा मी नीट जागा झालो. माझी मोठी बहीण मालूताई पहाटे झोपेतच गेली होती. गल्लीला ते कळलं तेही खराट्यामुळेच. दूधवाला येऊन गेला, ऊन कुंपणावर आलं, तरी ताईच्या अंगणातून खर्रखर्र आवाज येईना, म्हणून समोरच्या कुसुमवहिनींनी फाटक ढकलून उज्ज्वलाला उठवलं होतं...

हा आवाज मी जन्मल्यापासून ऐकत आलो. आमचं लहानपण मोर्शीचं. उन्हाळ्यात मी अंगणात बाजेवर झोपायचो आणि पहाटेच्या त्या गोड वेळी, जेव्हा स्वप्न संपलेलं नसतं आणि कडुनिंबाचा वास मात्र नाकात शिरू लागलेला असतो, तेव्हा लांबून कुठून तरी खराट्याचा आवाज यायचा. स्वप्नात तो कधी नदी व्हायचा, कधी संत्र्यांनी भरलेल्या गाडीची चाकं. हळूहळू जवळ यायचा, बाजेखाली शिरायचा, आणि मग ताईचा दणका. “उठ बे बंड्या! खालचं झाडायचं हाये. किती लोळशीन?” तिला लोळणारी माणसं आणि लोळणारी पानं, दोन्ही बघवत नसत. मी जन्माचा झोपाळू. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, केस पिकले, तरी तिच्याकडे मुक्कामाला गेलो की तिच्या खराट्यानंच उठायचो. मला घड्याळाच्या गजरानं जाग येत नाही याचं खापर मी आजही तिच्यावरच फोडतो.

परतवाड्याच्या मुलींच्या शाळेत तिनं सगळी उमर मराठी शिकवलं. निवृत्त झाली तेव्हा संस्थेची गावाबाहेर एक जागा पडून होती, डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्याला, नाल्याच्या काठाशी. नुसता मुरूम, वर चार बोटं माती. ताईनं ती मागून घेतली आणि शाळा सोडून जाणाऱ्या मुलींच्या हातून तिथं सागाची रोपं लावून घेतली. एकेका मुलीचं एकेक झाड. त्या मुली पुढे लग्न होऊन कुठे कुठे गेल्या, पण माहेरी आल्या की कडेवर लेकरू घेऊन आपलं झाड पाहायला यायच्या. ताई प्रत्येकीला बरोबर तिच्या झाडापाशी नेऊन उभी करायची. हजेरी घेण्याची सवय अंगात मुरलेली, दुसरं काय.

आणि ते बन ती झाडायची! माणसं शेत नांगरतात, बाग शिंपतात. आमची ताई जंगल झाडायची. माघ-फागणात सागाची ती सुपाएवढी पानं गळायला लागली की ही आणि तिच्या दोन-तीन मैत्रिणी खराटे घेऊन निघायच्या. ओळीओळीनं सगळा पाचोळा ओढून नाल्याच्या काठाशी ढीग घालायच्या आणि पेटवून द्यायच्या. राख पावसाबरोबर नाल्यात. खाली जमीन कशी, तर पाटासारखी लख्ख. पंधरा ऑगस्टला ती झाडांखाली रांगोळ्या काढायची. येणारेजाणारे जीप थांबवून बघायचे. मी एकदा विचारलं, “ताई, पाखरांना चपला बाहेर काढायला सांगतेस का गं?” तर म्हणाली, “तू पह्यले तुह्या घरातल्या मोऱ्या पाह्य.” पण मनातून ती खुलली होती. तिच्या चेहऱ्यावर तो आनंद आला की ती थेट आमच्या आईसारखी दिसायची.

सुरुवातीची काही वर्षं झाडं भराभर वाढली. मग थांबली. थांबली म्हणजे मेली नाहीत, पण जिथल्या तिथे उभी राहिली. शेंडे आखूड, पानं तळहाताएवढी, शिरांच्या मधे पिवळी पडलेली, कडांना करपलेली. जो तो आपापलं निदान सांगून जायचा. रोपंच हलकी होती, कुणाची नजर लागली, पाणी कमी पडलं. ताईनं पाणी घातलं, नजरही काढली. झाडं ढिम्म. मग संस्थेतल्या लोकांची कुजबुज सुरू झाली, की ह्या खुरट्या काड्या ठेवून काय उपयोग, तोडून टाकू आणि तिथं मंगल कार्यालय बांधू. ही गोष्ट ताईच्या कानावर आली त्या आठवड्यात मी तिच्याकडे होतो. पानातली भाजी तशीच ठेवून ती म्हणाली, “पोरी येतीन अन् विचारतीन, बाई, माहं झाड कुठं हाये. मी काय सांगू त्यायले? तिथं आता लोकं जेवून राह्यले म्हणू?” तिच्या डोळ्यांत पाणी मी फार थोड्या वेळा पाहिलं आहे. ती त्यातली एक.

तेव्हा तिला नसीम आठवली. नसीमआपा अकोल्याच्या. अमरावतीला कॉलेजात असताना दोघी वसतिगृहात एका खोलीत राहिल्या होत्या. ही मराठीकडे गेली, त्या मातीकडे. सगळा जन्म त्यांनी माती तपासण्यात घालवला. त्या एस.टी.नं आल्या, बनात हिंडल्या, ठिकठिकाणची माती पिशव्यांमध्ये भरून घेतली. मग पाटासारख्या त्या जमिनीकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “इथं झाडते कोण?” ताई लगबगीनं म्हणाली, “मी! रोज!” आपा काही बोलल्या नाहीत. चहा घेतला, जुन्या मेसच्या आमटीला नावं ठेवली आणि गेल्या. मला तेव्हाच शंका आली होती, कारण आपा सहसा गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हेत.

काही दिवसांनी त्यांचा फोन आला. ताईनं तो मोठ्या आवाजावर ठेवला म्हणून मलाही ऐकता आला. मातीत नत्र कमी, स्फुरद कमी, पालाश कमी, सेंद्रिय कर्ब तर नावालाच, असं सगळं सांगून आपा म्हणाल्या, “मालू, सागाचं पान म्हंजे कचरा नाई. जमिनीतून वर नेलेलं जेवण त्याच्यात राह्यते. झाड ते खाली ठेवते, पावसात ते कुजते, मुळं पुन्हा उचलते. तू दरसाल त्यायच्या पुढचं भरलेलं ताट उचललं अन् नाल्यावर नेऊन जाळलं. भूखे हैं बेचारे.” ताईचा चेहरा उतरला, पण ती हार मानणाऱ्यांतली थोडीच. “मंग खताची गोणी आणून टाकते ना. झाडनं काहून बंद करू?” आपा हसल्या. सागाच्या रुंद पानावर पावसाचे थेंब गोळा होतात आणि मोठा थेंब होऊन खाली आदळतात. खाली पाचोळा नसेल तर उघडी माती उडते, वाहून जाते, आणि घातलेलं खतही तिच्याबरोबर जातं, हे त्यांनी समजावून सांगितलं. शेवटी म्हणाल्या, “उघड्या लेकराले नुसतं खाऊ घालून काय होते? पह्यले त्याच्या अंगावर पांघरूण तर टाक.”

ताई रुसली. चांगली पावसाळाभर नसीमआपांशी बोलली नाही. तिचं दुःख मला कळत होतं. आयुष्यात कुणी तिला आळशी म्हटलं असतं, खोटी म्हटलं असतं, तर ती भांडली असती. पण तू फार स्वच्छ आहेस आणि त्यानंच घात झाला, याच्यावर भांडायचं तरी कसं? ज्या हातांचा तिला एवढा अभिमान, त्याच हातांनी तिनं पोरींच्या झाडांना उपाशी ठेवलं होतं. एका संध्याकाळी अंगणात बसल्या बसल्या ती एकदम म्हणाली, “बंडू, त्यायनं सांगाव कसं रे मले? त्यायले तोंड हाये काय?” कडुनिंबाची पानं आमच्या पुढ्यात पडत होती आणि ताई ती उचलत नव्हती, यावरूनच मी ओळखलं की हिनं ठरवलं आहे.

संस्थेच्या लोकांना मात्र हे पटेना. पालापाचोळा पडू द्यायचा आणि झाडं वाढतील म्हणायचं, हे त्यांना निवृत्त बाईंचं खूळ वाटलं. शिवाय आग लागेल, साप येतील. नसीमआपा पुन्हा आल्या आणि त्यांनी मार्ग काढला. बनाच्या चारी बाजूंनी एक पट्टा साफ ठेवायचा, जंगलवाले जाळरेषा ठेवतात तसा, म्हणजे बाहेरची आग आत येणार नाही. त्या पट्ट्यातला पाचोळाही आतच लोटायचा. आणि लोकांना दिसावं म्हणून रस्त्याकडची एक ओळ पूर्वीसारखीच झाडत राहायची. एकच मुरूम, एकच पाऊस, एकाच वेळी लावलेली रोपं. फरक फक्त पानांचा. “दिखेगा तो मानेंगे,” आपा म्हणाल्या. दोन्ही बाजूंनी तीन-चार पावसाळे थांबायचं ठरलं.

ती ओळ ताईनं दुसऱ्या कुणाला झाडू दिली नाही. पानगळीच्या दिवसांत दर शनिवारी ती एकटी खराटा घेऊन जायची, कारण शेजारच्या ओळींतली पानं उडून येत आणि तीही काढावी लागत. आणि त्या दिवशी ती जेवायची नाही. हे मला फार उशिरा कळलं. एका शनिवारी मी मोर्शीची संत्री आणि गरम आलूबोंडे घेऊन बनात गेलो, तर तिनं बोंड्यांना हात लावला नाही. म्हटलं, आज कसला उपास? तर खराट्याची मूठ जमिनीवर आपटून काड्या सारख्या करत म्हणाली, “यायच्या तोंडचं काढून नेऊन राह्यली ना मी. मंग घरी जाऊन मी जेवाव कसं?” मी हातातला बोंडा परत पुडक्यात ठेवला. नसीमआपांना हे समजलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मालू, तू तो पेडों के साथ रोजा रखती!” दोघी हसल्या, पण ताईनं उपास सोडला नाही. आत बाकीच्या ओळींतून ती हिंडायची ती मात्र दोन्ही हात पाठीमागे बांधून. विचारलं तर म्हणायची, हात शिवशिवतात, काय भरवसा.

आणि बन बदलत गेलं. एका पावसात नाही, दोनमध्येही फारसं नाही. पण आत पाऊल टाकलं की आता पायाखाली दबायचं. पाचोळ्याचा वरचा थर कुरकुरीत, खालचा ओला, काळा, गांडुळांनी पोखरलेला, आणि त्याला असा वास, की मोर्शीच्या अंगणातल्या बाजेवर पडल्यासारखं वाटावं. मग शेंड्यांना जोर आला. पानं पुन्हा सुपाएवढी झाली, हिरवीगार. भर दुपारी आत उभं राहिलं की ऊन त्या पानांमधून गाळून यायचं आणि आपण पाण्याखाली आहोत असा भास व्हायचा. मी तिथं पुष्कळदा नुसता बसून राहिलो आहे. फक्त रस्त्याकडची ती एक ओळ तशीच राहिली. खुरटी, पिवळी, मागच्या उंच झाडांसमोर वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरींसारखी. ताई तिला ‘उपाशी ओळ’ म्हणायची. त्या ओळीतल्या झाडांच्या मुली माहेरी आल्या की त्यांना ती एकेकीला हे सगळं समजावून सांगायची आणि माफी मागायची. एका मुलीनं तर तिच्या पाया पडून म्हटलं, “बाई, माह्या झाडानं एवढ्या झाडायले वाचवलं, मले काय दुःख?” त्या रात्री ताई फोनवर हेच पुन्हा पुन्हा सांगत राहिली.

गेल्या दिवाळीत संस्थेची माणसं आली. रस्त्यावर उभं राहिलं की पुढची ओळ आणि मागचं बन एका नजरेत दिसायचं. समजावून सांगायला काही उरलंच नव्हतं. मंगल कार्यालयाचं तिथंच बारगळलं. बन राहील असं ठरलं. त्यानंतर मी तिला शेवटचा भेटलो तो संक्रांतीनंतर, शनिवारीच. पानगळ नुकती सुरू झाली होती. ताई उपाशी ओळीखाली बसली होती, खराटा घरी ठेवून आली होती आणि फडक्यात बांधून आणलेली ज्वारीची भाकर, ठेचा आणि कांदा खात होती. तिच्या शेजारी पानं पडत होती, एक तर थेट भाकरीवर पडलं. तिनं ते अलगद उचलून बाजूला ठेवलं. “बस,” ती म्हणाली, “आजपासून यायचं अन् माहं, दोघायचं जेवन सुरू.” मला तिनं अर्धी भाकर दिली. पायाखालची एवढीशी पानं बघत ती म्हणाली, दोन-तीन वर्षांत हेही त्या मागच्यांना गाठतील, तू बघशील. तू, असं ती म्हणाली. आपण बघू, असं नाही. ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही...

तेरवीच्या दिवशी आलेल्या माणसांना जेवणानंतर बनात न्यायचं असं उज्ज्वलानं ठरवलं होतं. आम्ही दोघं सकाळी जरा लवकर तिकडे गेलो आणि फाटकातच थबकलो. पायाखाली पाट! सगळं बन झाडलेलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. गल्लीतल्या साऱ्या बाया कमरेला पदर खोचून उभ्या, घामाघूम, आणि नाल्याच्या काठाशी घराएवढे ढीग. कुसुमवहिनी हातात काडेपेटी घेऊन निघाल्या होत्या. मी ओरडलोच. त्या दचकून थांबल्या. “काय झालं भाऊ? ताईले साफ आवडे ना. आज एवढी लोकं येतीन. म्हटलं, तिचं बन आरशावानी करून ठेवाव... उजाडल्यापासून आमी सगळ्या जनी...” मला राग येईना आणि रडूही आवरेना. या बायांनी तिला आयुष्यभर झाडतानाच पाहिलं होतं; बनातला पाचोळा मुद्दाम ठेवलेला आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांच्यापाशी तिला द्यायला हेच होतं, आणि हे त्यांना तिनंच शिकवलं होतं.

उज्ज्वला मटकन खाली बसली आणि हसायला लागली. आई गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता रडली, आणि मग तिनं बायांना सगळं सांगितलं. ताट, पांघरूण, उपाशी ओळ, शनिवारचे उपास. कुसुमवहिनींनी काडेपेटी ब्लाउजमध्ये टाकली आणि म्हणाल्या, “मंग उभ्या काहून हा बयांनो? उचला.” तेरवीच्या पंगतीसाठी आणलेल्या चादरी कुणी तरी पळत जाऊन घेऊन आलं. चादरींत, पदरांत, टोपल्यांत भरून पानं परत निघाली. अकोल्याहून आलेल्या नसीमआपा फाटकातून आत शिरल्या त्या हे बघतच उभ्या राहिल्या आणि मग ओढणी पुढे करून म्हणाल्या, मेरे में भी डालो. कुणी तरी विचारलं, सुरुवात कुठून करायची? उज्ज्वला उठली, रस्त्याकडे हात करून म्हणाली, “पह्यले त्या ओळीले वाढा. ते लय दिवसायची उपाशी हाये.” आणि बाया खरंच पंगतीत वाढल्यासारख्या त्या ओळीतून गेल्या, प्रत्येक झाडापुढे थांबून, वाकून, भरभरून. कुसुमवहिनी तर शेवटच्या झाडाला म्हणाल्या, “घे अजून, लाजू नको.” त्या दिवशी आमच्या घरची पंगत चांगली दोन तास उशिरा बसली, पण एकाही माणसानं कुरकुर केली नाही.

आता काही आठवडे झाले आहेत. ताईच्या खोलीत दाराआड तिचा खराटा टांगलेला आहे, एका बाजूनं झिजून तिरपा झालेला, तिच्या हाताच्या वळणाचा. उज्ज्वला अंगण केरसुणीनं झाडते, त्याला हात लावत नाही. मीही नुसता बघतो. अमरावतीला पहाटे रस्ता झाडणारी माणसं येतात, तो आवाज माझ्या झोपेत शिरतो आणि मला वाटतं, येतेय, बाजेखाली आता येईल, पाय वर घ्यावे... आणि तो आवाज पुढे निघून जातो.

परवा मी एकटाच बनात गेलो होतो. उपाशी ओळीखाली, ती बसली होती तिथंच बसलो. पाचोळा जाड होता, उन्हानं कोमट झालेला. सोबत आणलेली भाकर खाल्ली आणि हात पुसता पुसता कधी आडवा झालो ते कळलं नाही. डोळे मिटले तेव्हा पानं पडत होती, एक छातीवर, एक कपाळावर. भर दिवसा, तिच्या झाडांखाली, पानांत लोळत मी गाढ झोपलो. जागा झालो तेव्हा ऊन डोंगराआड गेलं होतं. मला कुणीही उठवलं नव्हतं.